न पाठवलेला अहवाल

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा जमलेल्या माणसांच्या पिण्यासाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. चवदार तळं जवळच होतं, आणि ते सर्वांना खुलं असल्याचे दोन ठराव तोवर झालेले होते. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, हा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. त्याला धरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. तरी तीन वर्षं त्या पाण्याला हात लावायची कुणाची सोय नव्हती.

ठराव होतो, पाणी मिळत नाही, मग दाद कुठे मागायची? गावात, तालुक्याला, मुंबई-दिल्लीला, की देशाबाहेर? पोलादपूर तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतल्या घरात हा वाद गेली काही वर्षं चालू आहे. एका बाजूला काका. मुंबईत गोदीत नोकरी झाली, निवृत्तीनंतर गावी आले, आणि तेव्हापासून आसपासच्या वाड्यांतलं कुणी पोलीस ठाण्यात जायला घाबरलं की बरोबर जायचं काम त्यांच्याकडे आलं. दुसऱ्या बाजूला त्यांची पुतणी. ती वकील आहे, मुंबईत काम करते आणि मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय समित्यांपुढे जाणाऱ्या पर्यायी अहवालांचे मसुदे तयार करते. असे अहवाल सरकारच्या अहवालासोबत समितीच्या सदस्यांसमोर ठेवले जातात. दोघांनी नावं घालू नका म्हणून सांगितलं आहे. खाली आहे ते एका बैठकीतलं नाही. मी वेळोवेळी ऐकलेलं एकत्र मांडलं आहे, आणि जिथे गप्प बसवलं नाही तिथे मध्ये बोललोही आहे.

काकांचं म्हणणं सरळ आहे. “जिनिव्हात बसलेल्या माणसाला आपल्या वाडीचा पाणवठा कुठं आहे ते कसं कळणार? मला कळतं. तलाठ्याला कळतं, पोलीस पाटलाला कळतं, सरपंचाला कळतं. ज्याला कळतं त्याला जाब विचारायचा. लांबच्याला सांगून काय होणार?”

“काका, ज्याला कळतं तोच गप्प बसतो, म्हणून तर लांबच्याला सांगायचं. तलाठ्याला माहीत नाही म्हणून आपल्या स्मशानाचा रस्ता अडत नाही.”

“मग त्याला बोलतं करायचं. वरचा कागद आपल्याकडे १९२३ पासून होता. कागदाने तळं उघडलं नाही. २० मार्चला माणसं चालत गेली, तेव्हा उघडलं.”

“आणि त्याच दुपारी डोकी फुटली.”

“फुटली. पळालो नाही आपण.”

काका ही गोष्ट सांगतात तेव्हा आवाज चढतो, आणि मला तो चढलेला आवडतो. बाबासाहेबांच्या मागोमाग माणसं तळ्यावर गेली, पाणी प्याली, परतली. मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवली गेली आणि जेवायला बसलेल्या, गावी परत निघालेल्या लोकांवर काठ्या चालल्या. कित्येकांना महाडच्या मुसलमानांनी आपल्या घरात घेतलं. परिषदेला पलटणीतले पेन्शनर मोठ्या संख्येने आले होते, मारामारी त्यांना नवी नव्हती. बाबासाहेबांनी त्यांना हात उचलू दिला नाही. हल्लेखोरांपैकी पाच जणांना पुढे चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळ्यात मात्र पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ केलं गेलं, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

“हे बघ,” काका म्हणतात, “ठराव ज्यांनी केला त्यांनीच फिरवला. गावावर कुणाचा दाब आहे त्यावर ठरावाचं आयुष्य. तुझ्या त्या समितीचा ठराव इथल्या नगरपालिकेच्या ठरावापेक्षा टिकाऊ आहे का?”

पुतणीने यावर दिलेलं उत्तर मला या सगळ्या वादातलं सर्वांत भक्कम वाटतं. “टिकाऊ नाही. पण ठराव नसता तर २० मार्चला काय झालं असतं? गावाने म्हटलं असतं, हे दंगा करायला आले. ठराव होता म्हणून बाबासाहेबांना म्हणता आलं की आम्ही आमच्या हक्काच्या पाण्यावर आलो आहोत. आणि पुढे दहा वर्षं जो खटला चालला, तो कशाच्या जोरावर? डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाला कोर्टाची मनाई आली, तेव्हा तुरुंगात जायला तयार असलेली माणसं बाबासाहेबांनी थांबवली. का थांबवली? कागदाची लढाई त्यांना सोडायची नव्हती म्हणून.”

“ती लढाई इथल्या साक्षीवर जिंकली.”

“निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड महाडचे होते का?”

इथे दोघांचंही खरं आहे. सवर्णांचा दावा महाडच्या कोर्टात १९३१ साली फेटाळला गेला, अपील ठाण्याला १९३३ साली फेटाळलं गेलं, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी शेवटचा निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची असल्याचं शाबीत झालेलं नाही, असं त्यांनी म्हटलं. हा निष्कर्ष तळ्याच्या चारी बाजूंची घरं, तळ्याची मालकी, तिथला वापर, असल्या पुराव्यातून निघाला. तो पुरावा महाडचाच होता. तो तोलणारे मात्र गावाच्या दाबाखाली नव्हते. पुतणीची मागणी यापेक्षा वेगळी नाही: पुरावा इथला, आणि तो वाचणारा असा कुणी, ज्याला गावकीची भीती नाही.

बाहेर दाद मागायची सवय या मातीला जुनी आहे, हेही काकांना मान्य करावं लागतं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त झाले, आणि महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा त्यांनी १८९४ साली थेट सरसेनापतीकडे अर्ज केला. पुढे त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा शेजारी बसायला सवर्ण सभासदांनी हरकत घेतली. डिसेंबर १९२७ मध्ये त्या दुसऱ्या सत्याग्रहासाठी लोक महाडला जमले, तेव्हा फत्तेखान यांनी दिलेल्या जागेवरच्या मंडपात बोलताना बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रेंच नॅशनल असेंब्लीचा दाखला दिला. महाडचं भांडण एका गावचं पाणी-भांडण म्हणून पाहू नका, माणसाच्या हक्कांच्या इतिहासात त्याची जागा बघा, असा त्यामागचा आग्रह होता. मग गोलमेज परिषदा झाल्या. या लढ्याने जगाकडे पाठ कधीच केली नव्हती.

“जगाशी बोलायला माझी ना नाही,” काका म्हणाले. “पण बाबासाहेबांनी शेवटी काय केलं ते बघ.”

आता वाद त्याच्या खऱ्या जागी आला. १९४६ सालचा जुलै महिना. कॅबिनेट मिशनच्या योजनेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र संरक्षण ठेवलेलं नव्हतं, आणि सत्तांतर तोंडावर आलेलं होतं. बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचं कळलं, भारतातले अस्पृश्यही तसं करण्याच्या विचारात आहेत, तेव्हा त्या अर्जाच्या प्रती मिळतील का, असा त्याचा आशय. महिनाअखेरीला द्युबॉइसांचं उत्तर आलं. अस्पृश्यांच्या प्रश्नाबद्दल त्यांनी पूर्ण सहानुभूती कळवली आणि मदतीची तयारी दाखवली.

बाबासाहेबांनी अहवाल तयारही केला. पण तो पाठवला नाही. संविधान सभेला आणि पुढच्या संसदेला हा प्रश्न सोडवायची संधी द्यावी, असं ठरवून तो त्यांनी ठेवून दिला. हे आपल्याला त्यांच्याच तोंडून कळतं. मंत्रिमंडळाचा राजीनामा दिल्यावर १० ऑक्टोबर १९५१ रोजी केलेल्या निवेदनात त्यांनी ते सांगितलं.

काका: “पाठवला नाही. यात सगळं आलं. इतका अभ्यास, इतकी ओळख, हातात तयार अहवाल, तरी त्यांनी तो ठेवून दिला आणि संविधान लिहायला बसले. १७ वं कलम कुणा परक्याने दिलं नाही. अस्पृश्यता नष्ट झाली, ती पाळणं गुन्हा, हे संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ ला मान्य केलं. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा त्यानंतर आला, १० डिसेंबरला. अकरा दिवस आम्ही पुढे होतो.”

पुतणी: “काका, ते अहवालाबद्दल केव्हा सांगितलं ते बघा ना. संविधान झाल्यावर पाच वर्षांनी आनंदाने सांगितलं का? राजीनामा देताना सांगितलं. त्याच निवेदनात म्हटलं की अनुसूचित जातींवरचा जुना जुलूम तसाच चालू आहे. ज्या माणसाला अहवाल न पाठवल्याचं समाधान असतं, तो राजीनाम्याच्या निवेदनात त्याची आठवण काढील?”

“खंत होती. पण तेव्हा तरी पाठवला का? १९५१ नंतर पाच वर्षं होते ते. नाही पाठवला.”

“संधी दिली होती, काका. संधीला मुदत असते.”

दोघं गप्प झाले तेव्हा मी बोललो. माझ्या मते अहवाल ठेवून देण्यात एक अट होती, आणि ती अट या देशाच्या सत्ताधाऱ्यांना घातलेली होती, दलितांना नव्हे. आम्ही बाहेर जात नाही, तुम्ही आत करून दाखवा. ती अट पाळली गेली की नाही हे तपासण्याचा अधिकार ज्याने विश्वास टाकला त्याच्याकडे राहतो. दिल्लीचे प्रतिनिधी पुढे वर्षानुवर्षं ‘ही आमची अंतर्गत बाब’ असं सांगत राहिले, ते जणू तो अहवाल बाबासाहेबांनी कायमचा फाडून टाकला असावा असं समजून.

आणि अंतर्गत बाबीची गोष्ट काढायची तर १९४६ सालच पुन्हा उघडावं लागतं. बाबासाहेबांचं पत्र गेलं त्याच वर्षी भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांवरच्या वंशभेदी कायद्यांची तक्रार संयुक्त राष्ट्रांपुढे नेली, त्या देशाशी व्यापार तोडला. भारतीय शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स यांचा बचाव हाच होता, की हा आमच्या घरचा प्रश्न आहे आणि राष्ट्रसंघाला त्यात पडता येणार नाही. डिसेंबरात आमसभेने दोन तृतीयांश मतांनी भारताच्या बाजूने ठराव केला. आपल्या देशाच्या परराष्ट्र धोरणातला तो अभिमानाचा क्षण आहे आणि मला त्याचा खराच अभिमान वाटतो. म्हणूनच पुढचं जास्त लागतं. १९६५ मध्ये वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करार तयार होत असताना, वंश आणि वर्ण यांच्या जोडीला कुळ-जन्मावरून होणारा भेदभावही त्यात यावा, ही दुरुस्ती भारताने सुचवली. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच कराराच्या समितीने जातीबद्दल विचारलं, तेव्हा भारताने उत्तर दिलं की जात या करारात बसत नाही.

२००१ सालच्या ऑगस्टअखेरीस दरबानला वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा हा वाद घरोघरच्या वर्तमानपत्रांत आला. सरकार म्हणत होतं, जात म्हणजे वंश नव्हे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग मात्र, न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली, चर्चा झाली पाहिजे या बाजूने उभा राहिला. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेते यांनी जातीला वंश म्हणणं शास्त्राला धरून नाही असं लिहिलं. काका बेत्यांच्या बाजूचे निघाले, हे मला अनपेक्षित होतं.

“पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे, हे बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेच्या उच्छेदा’त १९३६ सालीच लिहिलं. मग आपणच दरबानला जाऊन आम्ही वेगळ्या वंशाचे म्हणून रडायचं? उद्या गावातले म्हणतील, बघा, हेच म्हणतात आम्ही वेगळे.”

“कुणी तसं म्हटलं नाही, काका. वंश एक असूनही जन्मावरून वेगळं काढतात, हीच तक्रार आहे. द्युबॉइसना पत्र लिहिताना बाबासाहेब काय स्वतःला निग्रो वंशाचे समजत होते? दोन्हीकडच्या माणसाच्या वाट्याला येणारी वागणूक सारखी, एवढंच त्यांना पुरेसं होतं.”

काकांनी मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही. दरबानच्या अंतिम घोषणेत जातीचा उल्लेख आला नाही, पण दुसऱ्याच वर्षी त्या कराराच्या समितीने २९ वी सर्वसाधारण शिफारस काढली आणि जन्माधारित भेदभावात जात येते हे स्पष्ट लिहिलं. २७ डिसेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग दिल्लीत म्हणाले की अस्पृश्यतेला तोड एकच, दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २००७ मध्ये, भारताचे प्रतिनिधी जिनिव्हात पुन्हा सांगत होते की जात या कराराखाली येत नाही. पंतप्रधानांनी मायदेशात मान्य केलेलं दुःख परदेशात नाकारण्याची ही रीत मला समजत नाही. त्यातून देशाची अब्रू राखली जाते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा वाडीत येऊन राहावं.

मग खैरलांजी. हे नाव निघालं की दोघांचेही आवाज उतरतात. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. एका कुटुंबातले चौघे, आई, मुलगी आणि दोन मुलगे, जमावाने मारले. विदर्भात लोक रस्त्यावर आले, तपास सीबीआयकडे गेला. पुढच्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला युरोपीय संसदेने भारतातल्या दलितांच्या मानवी हक्कांवर ठराव केला.

“केला ना ठराव?” काका म्हणाले. “मग? भंडाऱ्याच्या कोर्टाने खुनाची शिक्षा दिली, सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. पण अ‍ॅट्रॉसिटी लागू नाही म्हणाले. जातीवरून झालं हे मानलंच नाही. हायकोर्टाने २०१० ला फाशीचीही पंचवीस वर्षं केली, आणि जातीचं तेच म्हणणं कायम ठेवलं. युरोपच्या संसदेला जात दिसली, भंडाऱ्याच्या कोर्टाला दिसली नाही. मला त्या युरोपच्या कागदाचा काय उपयोग?”

“इतकाच, की जात दिसली असं कुठंतरी लिहून राहिलं. नाहीतर उद्या पुस्तकात राहील, गावातलं जमिनीचं भांडण होतं.”

“लिहून राहिल्याने माणूस जगत नाही.”

“नाही जगत. पण पुढच्या वेळी कुणी म्हणू शकत नाही, आम्हाला माहीतच नव्हतं.”

काकांचा खरा अनुभव कोर्टातला आहे, आणि तो ते तपशिलाने सांगतात. फिर्याद घ्यायलाच टाळाटाळ. घेतली तर जातीवाचक शब्द ‘लोकांसमक्ष’ उच्चारले असं लिहून घेतलं की नाही ते बघायचं, कारण त्यावर केस उभी राहते किंवा पडते. जातीचा दाखला लगेच जोडायचा. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने केला पाहिजे, नाहीतर आरोपीचा वकील त्यावरच बोट ठेवतो. दुसऱ्या दिवशी समोरून क्रॉस केस येते, बहुधा चोरीची किंवा विनयभंगाची. मग गावातले मध्यस्थ. फिर्यादीचा भाऊ गावातल्याच बागायतदाराकडे कामाला असतो, ते काम सुटतं. केस माणगावच्या सेशन्स कोर्टात उभी राहीपर्यंत साक्षीदार फुटलेला असतो. “तो गद्दार नसतो,” काका म्हणतात. “त्याला त्याच गावात राहायचं असतं. तुझी समिती त्याला किराणा देणार आहे का?”

यावर पुतणीकडे उत्तर नव्हतं आणि तिने असल्याचं भासवलंही नाही.

काकांनी मग आणखी एक दाखला काढला. २० मार्च २०१८. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस, आणि त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली अटकेच्या आधी मंजुरी आणि प्राथमिक चौकशीच्या अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसं मेली, आणि ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून त्या अटी काढल्या. “हे कुणी केलं? जिनिव्हाने? आपल्या रायगडातलं वाळीत टाकण्याचं बघ. गावकीने घरं वाळीत टाकायची, दुकानातून माल नाही, लग्नाला कुणी यायचं नाही, प्रेताला खांदा नाही. माणसं पोलिसांत गेली, पेपरात आलं, आणि राज्याला २०१६ ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तीन वर्षांपर्यंत कैद. महाराष्ट्र पहिलं राज्य. इथल्या माणसाने इथं ओरडून करून घेतलं.”

“काका, मी ओरडू नका असं कुठं म्हणते? इथलं ओरडणं आणि तिथलं सांगणं एकमेकांच्या आड येत नाही. अमेरिकेचं बघा. द्युबॉइसनी १९४७ ला राष्ट्रसंघापुढे अर्ज ठेवला, अमेरिकेने तो पुढे जाऊ दिला नाही. हरले म्हणायचे. पण पाच वर्षांनी शाळांतल्या वर्णभेदाचा खटला त्यांच्या सुप्रीम कोर्टात आला, तेव्हा त्यांच्याच सरकारने कोर्टाला लेखी सांगितलं की या भेदभावामुळे जगात आपली बदनामी होते. १९५४ ला निकाल लागला. लढले तिथले कृष्णवर्णीय. पण बदनामीचा दाब होता.”

“तेव्हा रशिया समोर होता. अमेरिकेला जगापुढे चांगलं दिसण्याची गरज होती. आज भारताला कोण बोलेल? सगळ्यांना इथं माल विकायचा आहे.”

काकांचं हे बोलणं कठोर आहे, पण ते नुसती निराशा म्हणून सोडून देता येत नाही. परकी सरकारं अन्याय मोजताना आपला व्यापार आणि आपली मैत्री आधी मोजतात. रोहिंग्यांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्यानमारला संरक्षणाचे हंगामी आदेश दिले, तरी लाखो माणसं बांगलादेशातल्या छावण्यांतच आहेत. दक्षिण आफ्रिकेचं राज्य बदलायला १९४६ च्या ठरावापासून १९९४ उजाडावं लागलं, आणि ते बदललं सोवेटोसारख्या वस्त्यांतल्या माणसांच्या रक्ताने. बाहेरच्यांनी आपल्याला सोडवावं अशी आशा धरून बसणं धोक्याचं आहे, इथवर मी काकांबरोबर आहे.

पण पुतणीची मागणी सोडवणुकीची नाहीच. तिला साक्षीदार हवा आहे, असा साक्षीदार की ज्याचं काम सुटणार नाही आणि ज्याला त्याच गावात राहायचं नाही. असा साक्षीदार मिळू नये म्हणून किती जोर लावला गेला तेही बघायला हवं. कोपनहेगनच्या आंतरराष्ट्रीय दलित एकता संस्थेने २००८ साली राष्ट्रसंघाच्या आर्थिक-सामाजिक परिषदेकडे सल्लागार दर्जासाठी अर्ज केला. भारताने प्रश्नामागून प्रश्न विचारत तो चौदा वर्षं अडकवून ठेवला. २०२२ च्या डिसेंबरात मतदान होऊन दर्जा मिळाला. मधल्या काळात, १३ एप्रिल २०१६ रोजी, भारताच्याच पुढाकाराने न्यूयॉर्कच्या राष्ट्रसंघ मुख्यालयात बाबासाहेबांची १२५ वी जयंती साजरी झाली. जयंती झाली याचा मला आनंद आहे. ज्यांच्या नावाने ती झाली त्यांच्या माणसांना त्याच इमारतीत बोलायला एवढा वेळ लागावा, याचा संताप आहे. आणि जात आता परदेशातल्या आपल्या माणसांबरोबर तिकडेही पोचली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातिभेदाला बंदी घातली, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तसंच विधेयक सही न करता परत पाठवलं. अमेरिकेच्या नगरपालिकेला जिच्यावर ठराव करावा लागतो, ती बाब आता कुठल्या एका घराची अंतर्गत राहिलेली नाही.

एवढं सगळं बोलून झाल्यावर काकांनी मसुदा मागितला. पुतणीने तो मराठीत करून आणला होता. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. “हे चालणार नाही,” म्हणाले.

“पाठवायचाच नाही का?”

“पाठव. पण असा नाही. ‘ग्रामीण भागात दलितांना भेदभावाला सामोरं जावं लागतं’, हे कुणीही मुंबईत बसून लिहील. गाव लिही. तारीख लिही. गुन्हा नोंदला तो नंबर. नोंदला नाही तर कुठल्या दिवशी नाकारला, ठाण्यात कोण ड्युटीवर होतं. दोषारोपपत्र साठ दिवसांत गेलं की नाही. साक्षीदार केव्हा फिरला, आणि त्याआधी त्याचं काम कुणाकडचं सुटलं. बायामाणसांची नावं झाक. आणि तिकडे पाठवायच्या आधी हीच प्रत प्रांतांना, उपअधीक्षकांना आणि कलेक्टरला दे, पोच घे. पोच जोडून पाठव. म्हणजे कुणी म्हणायला नको की आधी घरात सांगितलं नाही.”

“आणि पोच दिली नाही तर?”

“रजिस्टरने पाठव. पावती जोड.”

“१९५१ चं निवेदन जोडू?”

काका थोडा वेळ बोलले नाहीत. “जोड,” ते म्हणाले. “पण परिशिष्टात नको. पहिल्या पानावर.”

त्या मसुद्यात आता पोलादपूर आणि महाड तालुक्यातली प्रकरणं एकेक करून भरली जात आहेत. दोघांचा वाद मिटलेला नाही. काकांच्या मते खरं काम माणगावच्या कोर्टात आहे, आणि पुतणीने पुढच्या तारखेला तिथं उभं राहिलं पाहिजे, कारण फिर्यादीला वकील नाही. ती उभी राहणार आहे.